दोन टायटॅनियम

यंदाच्या पावसाळ्यात दीड महिना आमच्या मधल्या खोलीत समुद्र होता. बेळगावचा पाऊस खिडकीबाहेर पडत होताच, तो वेगळा. हा समुद्र लॅपटॉपमधला. माझा पुतण्या, धाकट्या दिरांचा मुलगा, इथं इंजिनिअरिंगला आहे. जुलैच्या शेवटी गाडीवरून घसरला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. वसतिगृहातली त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिने चढणार कसा? ह्यांनी त्याला घरी आणलं. घरी आणलं म्हणजे माझ्याकडे सोपवलं, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

पडल्या पडल्या मुलगा करणार काय? अभ्यास थोडा, झोप बरीच, आणि उरलेला वेळ तो खेळ. ‘सबनॉटिका’ त्याचं नाव. मी गवार मोडत किंवा कपड्यांच्या घड्या घालत तिथंच बसायची, त्यामुळे डोळे आपोआप पडद्याकडे जायचे. गोष्ट साधी आहे. अवकाशातलं एक मोठं जहाज, ‘अरोरा’ नावाचं, एका परक्या ग्रहावर कोसळतं. तो ग्रह जवळजवळ सगळा पाण्याखाली. एक माणूस एका छोट्या डब्यात बसून कसाबसा वाचतो आणि समुद्रात तरंगत राहतो. आता त्यानं जगायचं. सुरुवातीला त्याच्या छातीत पंचेचाळीस सेकंदांचा श्वास असतो. बुडी मारायची, काही हाताला लागलं तर घ्यायचं आणि श्वास संपायच्या आत वर यायचं.

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. भूक लागली म्हणून त्यानं मासा पकडला आणि डब्यातल्या यंत्रात घालून भाजला. ते एक वेळ मी गिळलं, म्हणजे त्यानं गिळलं. पण मग तहान लागली. त्यानं फुग्यासारखा एक मासा धरला, यंत्रात टाकला आणि बाहेर आली पाण्याची बाटली. वर लिहिलेलं, ‘गाळलेलं पाणी’! मी हातातली गवार खाली ठेवली. आमच्याकडे पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात ते पाण्यातले जीव वाचावेत म्हणून. फडक्यावर राहिलेली जिवाणी सासूबाई पुन्हा विहिरीत सोडायच्या, तीही हळूच, वरून ओतायची नाही. आणि इथं पाणी गाळायला जीवच पिळायचा?

“काकू, खरा मासा नाहीय तो,” पुतण्या म्हणाला.

मग मी त्याला यशोधराची गोष्ट सांगितली. आमच्या भागात ती कोणाला सांगावी लागत नाही, पण हा हैदराबादला वाढलेला. उज्जैनचा राजा यशोधर. आई म्हणते बळी दे, ह्याला जीव मारायचा नाही. शेवटी तोड काढली, पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. कापला. रक्त नाही, प्राण नाही, नुसतं पीठ. तरीही मायलेकांना त्यापायी किती जन्म फिरावं लागलं, मोर झाले, कुत्रा झाले, मासा आणि मगर झाले, बोकड झाले. आठशे वर्षांपूर्वी जन्नानं ही कथा कन्नडमध्ये लिहिली, त्याच्याही आधी संस्कृतात आणि अपभ्रंशात होती. म्हणजे ‘खरा कुठं आहे?’ हा प्रश्न आमच्या लोकांना लॅपटॉप यायच्या बऱ्याच आधी पडलेला होता.

“हा तर पिठाचाही नाही,” तो म्हणाला. “नुसता उजेड आहे.”

“असू दे की. हात कशासाठी पुढे गेला ते बघ.”

तो काही बोलला नाही. वाटलं, वीस वर्षांच्या मुलाला उगाच पिडलं. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर खेळ पहिल्यापासून सुरू केलेला. त्या खेळात म्हणे एक प्रकार असतो ज्यात भूक आणि तहान लागतच नाही, श्वास तेवढा सांभाळायचा. “केवलींसारखा झाला की मग तुझा माणूस,” मी म्हटलं. केवलज्ञान झाल्यावर भूक-तहान राहत नाही असं आम्ही दिगंबर मानतो, त्यावरून. तो हसला. पण तो प्रकार सुरुवातीलाच निवडावा लागतो, मध्येच बदलता येत नाही. म्हणजे आधीच्या खेळात जे जमवलं होतं ते सगळं सोडून तो माझ्यापायी पुन्हा रिकाम्या हातानं समुद्रात उतरला होता. मग निदान त्याच्याबरोबर बसून बघणं मला भाग होतं.

एक गोष्ट मात्र मला आवडली. त्या खेळात बंदूक नाही. एक सुरी आहे, जनावराला काही वेळ जागच्या जागी थिजवून ठेवणारं एक यंत्र आहे, पण गोळी घालून मारायची सोय नाही. हा खेळ सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कंपनीनं केला, पूर्ण रूपात तो २०१८ च्या जानेवारीत आला. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात एका शाळेत लहान मुलांवर गोळीबार झाला होता. ह्या लोकांचं काम त्याच सुमाराला चालू होत होतं. खेळाचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंड यांनी सांगितलं आहे की त्यानंतर जगात आणखी बंदुकांची भर घालावीशी त्यांना वाटेना. खेळातल्या बंदुकीमुळे माणसं खरी बंदूक उचलतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांना स्वतःला ते करवेना, एवढंच. मला त्यात यशोधराच्या गोष्टीचा वास आला, पण मी पुतण्याला पुन्हा पिडलं नाही.

आता मुद्द्याचं. त्या समुद्रात जगायला होड्या, पाणबुड्या, अवजारं लागतात. ती करायची कशी हे त्या माणसाला ठाऊक नसतं. ते ज्ञान समुद्राच्या तळाशी पडलेलं असतं, तुकड्यातुकड्यांनी. जहाज फुटलं तेव्हा त्याचे भाग लांबलांब उडून पडलेत. कुठं लाल गवताच्या पठारावर पोलादी पत्र्याचा सांगाडा, कुठं उंच शेवाळाच्या रानात वाकलेली एखादी कड. माणसाकडे एक हातयंत्र असतं, स्कॅनर. ते तुकड्यासमोर धरायचं. निळा उजेड त्याच्यावरून फिरतो, टक्के भरत जातात आणि कोपऱ्यात आकडा उमटतो: तीनपैकी एक. वाचून झालेला तुकडा नाहीसा होतो. मग दुसरा शोधायचा. पाण्यात घेऊन फिरायच्या पंख्याचे दोन तुकडे पुरतात. ‘सीमॉथ’ नावाची एक छोटी गोल पाणबुडी आहे, तिचे तीन. मोठ्या पाणबुडीचे नऊ, तेही तीन-तीन करून वेगवेगळ्या भागांचे. तेवढे मिळाले की आराखडा पूर्ण. पुतण्या ‘ब्लूप्रिंट’ म्हणतो.

मला हे फार भावलं. का, ते बायकांना कळेल. फुटक्या बशीचा तुकडा हातात घेऊन ही कुठल्या सेटमधली, कोणाच्या लग्नातली, हे ओळखणारी आमची जात. मी चक्क गवार सोडून “ते बघ, डावीकडं, दगडामागं!” असं ओरडायला लागले. सीमॉथचा तिसरा तुकडा तीन दिवस सापडत नव्हता. एका मोडक्या सांगाड्याच्या पोटात शिरायचं, अंधार, वाट वाकडी, श्वास संपत आलेला, आणि हा तिथंच घोटाळत राहायचा. “वर ये की आता!” म्हणून मी त्याचा खांदा धरला होता. अखेर तिसरा मिळाला आणि आम्ही दोघांनी लाडू खाल्ले. सूर्यास्ताला पाच मिनिटं होती.

पण त्यानंतर जे झालं ते माझ्या मनातून जाईना. दोन दिवसांनी दुसऱ्याच जागी त्याला सीमॉथचा आणखी एक तुकडा दिसला. चांगला मोठा, काचेचा गोल घुमट शाबूत असलेला. आधीच्या तिघांपेक्षा कितीतरी धड. मी म्हटलं, “बघ, ह्यात नीट दिसतंय.” त्यानं स्कॅनर धरला, उजेड फिरला, तुकडा नाहीसा झाला आणि पिशवीत आले टायटॅनियमचे दोन गोळे. बस. काही नवीन कळलं नाही.

“असं कसं?”

“आराखडा झालाय ना काकू. आता कितीही तुकडे मिळाले तरी प्रत्येकाचे दोन टायटॅनियम. भंगार.”

मी हसले आणि स्वयंपाकघरात गेले.

श्रावणातली गोष्ट. रात्री साडेआठचा सुमार, दिवे गेलेले, तो अंधारात पडून काहीतरी गुणगुणत होता. कान देऊन ऐकलं तर भक्तामर. चालीवर, मध्ये न अडखळता. आजकालच्या मुलांना पहिले चार श्लोक आले तरी खूप. मी विचारलं, तुला हे कोणी शिकवलं?

“कोणी नाही. आई आज्जीला फोनवर म्हणून दाखवायची ना रोज रात्री. मी शेजारी झोपलेलो असायचो. रोज बारा श्लोक, चार दिवसांत अठ्ठेचाळीस. मग परत पहिल्यापासून.”

मी म्हटलं, “कधीची गोष्ट ही?”

“आज्जी अंथरुणाला होती तेव्हाची. मी चौथीत असेन.”

इथं मला माझ्या धाकट्या जावेबद्दल सांगायला हवं. सासूबाई गेल्या त्याला दहा वर्षं होत आली. त्याआधी आठ महिने त्या खाटेवर होत्या, खुब्याचं हाड मोडून. डोळेही गेल्यात जमा होते. मी केलं सगळं. केलं म्हणजे काय, ते करणारीलाच माहीत असतं, त्याचा पाढा इथं वाचत नाही. धाकटी जाऊ हैदराबादला. ऑपरेशनच्या वेळी दीर एकटेच आले, ती आली नाही. एक. दशलक्षणाला येते म्हणाली, तिकीट काढलं, ऐनवेळी रद्द केलं. दोन. आणि मग एके दिवशी पैसे पाठवले, सोबत निरोप, ‘अक्का, एक बाई ठेवा मदतीला.’ तीन.

तीन तुकड्यांत माझा आराखडा पूर्ण झाला. दगडाच्या काळजाची बाई. पैसे फेकून मोकळी होणारी.

त्यानंतर तिच्याकडून जे जे आलं त्याचं मी काय केलं, ते त्या रात्री अंधारात बसून आठवत गेले. तिनं सासूबाईंसाठी विणलेली शाल पाठवली, मी म्हटलं, दाखवायला. सासूबाई गेल्यावर आली आणि दाराच्या चौकटीला धरून रडली, मी म्हटलं, आता काय उपयोग. पुढे माझ्या मुलीच्या लग्नात चार दिवस आधी येऊन भांड्यांच्या ढिगाशी बसली, मी म्हटलं, मन खातंय तिचं. प्रत्येक वेळी दोन टायटॅनियम. ते काय होतं म्हणाल तर, ‘मी म्हणत होते ना!’ असं स्वतःशी म्हणायचं छोटंसं सुख. फार नाही, पण साठतं. दहा वर्षांत बरंच साठलं माझ्याकडे. आणि त्या धातूतून मी काय बांधलं तेही सांगते: घरातली चांगली सून. ती दगड ठरल्याशिवाय मी एवढी चांगली ठरत नव्हते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हा फोनचा तुकडा तर माझ्या हातातच होता. रात्री साडेआठला सासूबाईंच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू यायचं. फोन कानाला, आणि मध्येच “हं... हं...” असा हुंकार. मी भांडी आवरत असायची. मी ह्यांना सांगितलंसुद्धा होतं, “रोज अर्धा तास माझ्या तक्रारी चालतात धाकटीकडे.” एकदा दूध द्यायला आत गेले तर सासूबाईंनी हातानंच थांब म्हणून खुणावलं. मला वाटलं, मी आले म्हणून विषय तोडायला नको. त्यांचा श्लोक चालला होता.

दशलक्षणाच्या पहिल्या दिवशी बस्तीत तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय वाचतात. दहा दिवस, दहा अध्याय. दरवर्षी ऐकते. एखाद्या गोष्टीचं ज्ञान होतं त्याच्या पायऱ्या त्या अध्यायात सांगितल्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. पूज्यपादांच्या टीकेतलं उदाहरण पंडितजी नेहमी देतात. लांबवर पांढरं काहीतरी दिसलं, तो अवग्रह. ती बगळी असेल की निशाण असेल, हे जाणून घ्यायची ओढ म्हणजे ईहा. वर-खाली होतेय, पंख हलतायत, म्हणजे बगळीच, हा निश्चय झाला की अवाय. आणि ते लक्षात राहिलं की धारणा. इतकी वर्षं मी हे परीक्षेच्या प्रश्नासारखं पाठ ऐकत होते. यंदा ईहेपाशी अडकले. दुसऱ्या पायरीवर पाऊल न टाकता मी थेट तिसरीवर गेले होते. “तू का आली नाहीस?” हा एक प्रश्न दहा वर्षांत मी तिला विचारला नाही. रागानं विचारला असता तरी चाललं असतं.

गंमत अशी की पहिला दिवस उत्तम क्षमेचाही असतो. पंडितजी क्षमेवर बोलत होते आणि मी मनात म्हणत होते, आधी कळू दे तरी, कोणी कोणाला करायची ती.

माझी एक मैत्रीण आहे, वकिली करते. तिला मी हे सगळं सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, “बायकांना आणखी हेच शिकव. समजून घे, दुसरी बाजू असेल, अजून एक तुकडा येऊ दे. माझ्याकडे येणाऱ्या बायका वीस वीस वर्षं तुकडेच जमवत बसतात. दात पडला तरी म्हणतात, मनानं चांगले आहेत ते.” तिचं खरं आहे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई एकदा सुजलेला गाल घेऊन आली, आणि मी, हो मीच, तिला म्हटलं होतं, “काय झालं होतं आधी? तू काही बोललीस का?” तिथं मला ईहा सुचली! जावेच्या बाबतीत नाही सुचली, आणि मार खाल्लेल्या बाईच्या बाबतीत बरोबर सुचली. तिचा आराखडा मात्र एका तुकड्यात पूर्ण होता. दुसऱ्या तुकड्यासाठी तिला पुन्हा त्याच पाण्यात पाठवायचं पाप मी करत होते.

म्हणून सगळं कायम उघडं ठेवा, कोणाबद्दल काही ठरवू नका, असं मला म्हणवत नाही. अनेकान्ताचं नाव घेऊन काहीच न बोलणारी माणसं मी आमच्या समाजात खूप पाहिली आहेत, सगळ्यांचं बरोबर म्हणत पंक्तीला बसणारी. ठरवावं तर लागतं. सीमॉथ तीन तुकड्यांत ठरते म्हणूनच पोराला पुढं जाता आलं, चौथ्याची वाट पाहत बसला असता तर त्या डब्यातच राहिला असता. मी फक्त एवढंच पाहायला लागलेय, की एखाद्यावर झाकण घातल्यावर कोण सुटतं. त्या बाईच्या नवऱ्याबद्दल ठरवलं असतं तर ती सुटणार होती. जावेबद्दल ठरवलं तेव्हा सुटले ती मी. ऑपरेशनच्या रात्री सासूबाईंवर मी ओरडले होते, दोनदा. दगडाच्या काळजाच्या बाईशेजारी उभी राहिलं की ते कोणाला दिसत नव्हतं, मलाही नाही.

पुतण्याला हे काही मी सांगितलं नाही. त्याच्या आईबद्दल त्याला काय सांगणार? एवढंच विचारलं, की तेव्हा तुझी आई इकडे का येत नव्हती रे? तो म्हणाला, “मला नाही माहीत. तिला तेव्हा बरं नसायचं बहुतेक. की बाबांची बदली? तुम्हीच विचारा ना तिला.” म्हणजे बघा, ह्या तुकड्यानंही सगळं जुळत नाही. भक्तामर म्हणत होती, आणि तरी आली नाही. दोन्ही खरं. तिला देवी करून मोकळं व्हायचा मोह मला झाला होता, नाही असं नाही. तेही एका तुकड्यातच झालं असतं.

त्या खेळात यंत्रांच्या तुकड्यांखेरीज माणसांचेही तुकडे सापडतात. आपल्या जहाजाच्या दहा वर्षं आधी तिथं दुसरं एक जहाज पडलेलं असतं. त्यातून तिघं वाचलेली, बाप, त्याचा मुलगा आणि एक मार्गेरिट नावाची बाई. समुद्रात तीन ठिकाणी त्यांची मोडकी घरं आहेत, एक बेटावर, एक गुहेत, एक फार खोल. प्रत्येक घरात त्यांच्या आवाजाच्या नोंदी पडलेल्या. त्या ऐकल्या तेव्हा मला वाटलं, मी हैदराबाद आणि बेळगावचंच भांडण ऐकतेय. बापाला वाटतं आपण म्हणू तसं चालावं, ती बाई म्हणते खोल गेल्याशिवाय वाचणार नाही, मुलगा मध्ये. कोणाची नोंद आधी सापडते त्यावर आपण कोणाच्या बाजूनं होतो ते ठरतं. मला आधी बाई उद्धट वाटली. नंतर बाप हट्टी वाटला. शेवटी त्यांच्या घरावर मोठं जनावर चालून येतं आणि त्यात बाप आणि ती बाई गेली असंच आपण धरून चालतो. पुतण्यानंही तसंच धरलं होतं. पण २०२१ मध्ये ह्या खेळाचा पुढचा भाग आला, त्यात ती मार्गेरिट जिवंत भेटते! म्हातारी झालेली, बर्फाळ समुद्रात एकटी राहते, हातचं पिकवते, आणि स्वभाव तसाच तिखट. पुतण्या हे सांगताना इतका खूश होता. मी म्हटलं, “तिनं सांगितलं का, खरं काय झालं होतं ते?” म्हणाला, “हो, पण तिच्या बाजूनं.”

प्लास्टर निघालं. तो वसतिगृहावर परत गेला, जाताना लॅपटॉपची पिशवी माझ्याच हातात दिली, रिक्षापर्यंत न्यायला. घर एकदम कोरडं झालं. दोन दिवस साडेआठला माझे कान उगाच मधल्या खोलीकडे लागायचे.

क्षमावाणीला आम्ही सगळ्यांना निरोप पाठवतो. पूर्वी पत्रं असायची, आता मोबाइलवर कमळाचं चित्र आणि खाली ठरलेला मजकूर, कळत-नकळत चूक झाली असल्यास वगैरे. यादीतल्या दोनशे जणांना एकदम जातो. धाकट्या जावेलाही दरवर्षी जातो आणि तिचाही येतो, तेच कमळ. यंदा यादीतून तिचं नाव काढलं. रात्रीचे साडेआठ होऊ दिले, मग फोन लावला.

“अक्का? सगळे बरे आहात ना?” तिचा आवाज घाबरलेला. मी रात्रीचा फोन केला म्हणजे कोणीतरी आजारी, असंच तिला वाटणार.

म्हटलं, “बरे आहोत. तू आईंना भक्तामर म्हणून दाखवायचीस?”

बराच वेळ काही आलं नाही. मागं कुठंतरी शिट्टी झाली.

“तुम्हाला ऐकू यायचं?”

“आवाज यायचा. शब्द कळत नव्हते.”

“मला वाटायचं तुम्ही झोपत असाल तोवर, दमून,” ती म्हणाली. मग म्हणाली, “अक्का, थांबा हं. फोन ठेवू नका. कुकर बंद करून येते.”

मी खुर्ची ओढून घेतली आणि बसले.